अबू रकानचे चाळीस चांगले दिवस

आमच्या डोंगरावरच्या सल्त गावात कुणाला गाडी शिकायची असली की लोक एकच नाव सांगतात, मुफ्लेहचं. म्हणजे आपला अबू रकान, रकानचा बाप. अहो, काय त्या माणसाचा संयम! ऐन चढावर गाडी बंद पाडा, दहा वेळा पाडा, मागे भाजीचा टेम्पो, त्याच्या मागे शाळेची बस, सगळे भोंग्यावर हात ठेवून बसलेले, आणि हा शेजारच्या सीटवरून सांगणार, "घाई नाही हं आपल्याला, बाई. त्यांना वाजवू दे. क्लच हळू सोडा... हळू... शाब्बास!" त्याच्या हाताखाली शिकलेल्या बायका घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायच्या. उम्म रकान नशिबाची, असं म्हणायच्या.

उम्म रकान म्हणजे रकानची आई, त्याची बायको गुसून. ती हे ऐकायची आणि हसून विषय बदलायची.

कारण घरातला मुफ्लेह निराळा होता. वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एखाद्या सकाळी उठला की गाणं म्हणत टोमॅटोतली अंडी करायचा, सगळ्यांना हाका मारून मारून जेवायला बसवायचा, शेजाऱ्याच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण न सांगता बसवून यायचा. आणि त्याच दिवशी दुपारी दारात पाऊल टाकलं की बूट काढण्याच्या आवाजावरून घरात कळायचं, आज बिघडलंय. कारण? कारण असतं तर काय हवं होतं! चहात साखर कमी. टीव्ही मोठा. कुणी हसलं म्हणून, नाही हसलं म्हणून. मग दोन दिवस, कधी आठ दिवस तोंड फुगलेलं, आणि नवव्या सकाळी पुन्हा गाणं, जसं काही झालंच नाही. खरं म्हणजे झालेलं सगळं त्याच्या लक्षात असायचं. त्याची इतकी लाज वाटायची की कुणी आठवण काढू नये म्हणून तो आणखी मोठ्याने गायचा.

मुलगा रकान नोकरीला लागला आणि दूर अकबा बंदरावर निघून गेला. मुलगी शुरूक नर्सिंग शिकत होती. तिने बापाला एकदा दवाखान्यात नेलं. साखर तपासली, थायरॉइड तपासलं, सगळं ठीक निघालं. "म्हणजे मला काही झालेलं नाही," असं म्हणत मुफ्लेह विजयी मुद्रेने घरी आला. शुरूक म्हणाली, "बाबा, काही झालेलं नाही हीच तर पंचाईत आहे." आणि तिने फ्रिजवर एक कागद लावला. रोज पहाटे गावातल्या जुन्या पायऱ्यांपर्यंत चालून यायचं. बाहेरून आलं की तोंड उघडण्याआधी ते धुवायचं आणि ग्लासभर पाणी प्यायचं. झोपण्याआधी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी सांगायच्या. दिवस नीट गेला तर कागदावर हिरवा ठिपका.

सुरुवातीला तो हसला. "मी काय बालवाडीत आहे का गं?" पण पहिले पाच ठिपके पडले आणि गड्याला चटक लागली. दहा झाले, वीस झाले. राग पोटातून वर यायला लागला की तो न्हाणीघरात जाऊन नळाखाली डोकं धरायचा. तीसच्या पुढे तर गाडी शिकणाऱ्या बायकांनाही सांगायला लागला, "मन ताब्यात ठेवायचं, बाई. सवयीचा प्रश्न असतो सगळा." चाळिसावा ठिपका त्याने स्वतः काढला, इतरांपेक्षा मोठा.

एकेचाळिसावा दिवस गुरुवार होता.

गुसूनच्या भावाच्या, हिकमतच्या मुलीचं जमत आलं होतं. दानिया तिचं नाव. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी मुलाकडची माणसं मागणी घालायला यायची होती. आपल्याकडे कसं असतं, माहीतच आहे. वीस-पंचवीस पुरुष येऊन बसतात, कॉफी पुढे येते, पण त्यांचा म्होरक्या कप हातात न घेता खाली ठेवायला लावतो. आमचं मागणं मान्य झालं तर पिऊ, म्हणतो. मग मुलीकडचा एक वजनदार माणूस उठतो, दोन शब्द बोलतो आणि म्हणतो, "प्या कॉफी." की झालं. हिकमतचे वडील गेले, चुलतेही गेले. तेव्हा उठून बोलणारा माणूस आपणच, हे मुफ्लेहने गृहीत धरलं होतं. पहाटेच्या फेरीत तो ते दोन शब्द घोकायचा. दोनाचे दोनशे झाले होते.

दुपारी तो घरी आला, तोंड धुतलं, पाणी प्यायला आणि स्वयंपाकघरात आला. गुसून भरायच्या दुधींचा गर कोरून काढत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "हिकमतचा फोन होता. शुक्रवारी बोलायचं अबू निदालना सांगितलंय त्याने."

"कोण अबू निदाल? तो शेजारचा रिटायर हेडमास्तर?"

"हो."

"का?"

गुसून काहीही सांगू शकली असती. ते वयाने मोठे आहेत, हे सांगू शकली असती. ती म्हणाली, "हिकमत म्हणाला, अबू रकानचा त्या दिवशी मूड कसा असेल ते कोण सांगणार? उगाच पाहुण्यांच्या कॉफ्या गार व्हायच्या."

झालं. चाळीस दिवस नळाखाली धरलेलं सगळं एकदम वर आलं. दुधींची टोपली त्याने लाथेने उडवली. हिकमतला, हिकमतच्या बापाला, त्यांच्या सगळ्या खानदानाला शिव्या घातल्या. मी तुमच्यासाठी काय काय केलं, तुझ्या भावाची गाडी कुणी पास करून आणली, तू तिथे बसून माझी निंदा ऐकत होतीस, दात काढत असशील! शुरूक जिन्यात येऊन थबकली. गुसून ओट्याला टेकून उभी राहिली.

आणि फोन वाजला.

मुफ्लेहने नाव बघितलं. डॉक्टर लमीस, त्याच्याकडे गाडी शिकणाऱ्या. त्याने घसा खाकरला. "हां, बोला डॉक्टरबाई!... छे छे, त्रास कसला! शनिवारी चार? तुमच्यासाठी केव्हाही हजर... अहो, पार्किंगला काय घाबरायचं, सगळ्यांना येतं ते. तुमचा हात तर छान बसलाय. बरं, बरं. सलाम सांगा घरी." बोलता बोलता तो हसलासुद्धा. मग फोन बंद करून ओट्यावर उपडा ठेवला, बायकोकडे वळला आणि म्हणाला, "माझ्यावर तलाक, तू त्या हिकमतच्या घरात पाऊल टाकलंस तर!"

गुसून खाली बसली आणि घरंगळलेले दुधी गोळा करायला लागली.

तो बाहेर गाडीत जाऊन बसला. गाडी चालू केली नाही. काय बोललो हे कळायला वेळ लागला नाही. कळलं तेव्हा त्याला आपल्या जिभेची किळस आली. ही तिसरी वेळ होती. पहिल्यांदा लोणच्याच्या बरणीवरून तलाकची शपथ घातली होती, खरंच सांगतो, लोणच्याच्या! दुसऱ्यांदा रकानने अकबाला जाऊ नये म्हणून. दोन्ही वेळा धर्माचा निवाडा देणाऱ्या फतवा कचेरीत जाऊन तिथल्या शेखसमोर बसावं लागलं. दोन्ही वेळा शेखने विचारलं, बोलताना शुद्धीवर होता का? आणि दोन्ही वेळा गुसूनच म्हणाली होती, "नव्हते. रागाने शुद्ध हरपली होती, शेख." तलाक धरला गेला नाही. पण या खेपेला धरला गेला तर? आणि शेखने मागचे दोनही उकरून काढले तर? तीन झाले की संपलं. सव्वीस वर्षांचा संसार, आणि कशावरून, तर कॉफी प्या असं कुणी म्हणायचं यावरून.

शुरूक खिडकीपाशी आली. तिने काच खाली करायला लावली. "बाबा, लोकांना शिकवायच्या गाडीत तुमच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो ना? घरात तो कुठे जातो हो?"

"शुरूक, शुद्धच नव्हती मला."

शुरूकने बापाकडे बघितलं आणि ती आत गेली. फ्रिजवरचा कागद पुढचे दोन दिवस तसाच होता. तो दिसायला नको म्हणून मुफ्लेहने फ्रिज उघडणंच सोडलं. पाणी नळाचं प्यायला.

रविवारी सकाळी दोघं कचेरीत गेले. वाटेत गाडीत मुफ्लेहच म्हणाला, "तू ते मला सांगितलंच नसतंस तर?" मग तो म्हणाला, "मागच्या वेळेसारखंच सांग. म्हणजे प्रश्न मिटेल." तिने होकाराची मान हलवली.

बाकावर चार जोडपी आधीच होती. सगळे पुरुष जमिनीकडे बघत होते. बायका समोरच्या भिंतीकडे. मुफ्लेहला कुणी ओळखीचं भेटू नये असं वाटत होतं, आणि नेमका दारातला कारकून उठून उभा राहिला. "या या, अबू रकान! माझ्या बायकोला तुम्हीच शिकवलंत. अजून नाव काढते. म्हणते, असा शांत माणूस नाही पाहिला." मुफ्लेहला वाटलं, जमीन दुभंगावी.

शेख म्हातारे होते, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी शब्द जसेच्या तसे सांगायला लावले. बायकोच्या देखत, परक्या माणसासमोर ते वाक्य पुन्हा उच्चारताना मुफ्लेहची जीभ अडखळली. शेखने लिहून घेतलं. मग विचारलं, "बोलताना शुद्धीवर होतास?"

मुफ्लेहने तोंड उघडलं, पण गुसूनच आधी बोलली. "नव्हते, शेख. डोळ्यांत रक्त उतरलं होतं. काय बोलतायत ते त्यांना कळत नव्हतं. मी बघितलं ना."

ती हे सहज म्हणाली. उजव्या हाताने डोक्यावरच्या ओढणीचं टोक धरून, खाली बघत, सराव झाल्यासारखं. आणि मुफ्लेहला एकदम आठवलं, ही बाई खोटं बोलत नाही. बाजारात टोमॅटोवाल्याने चुकून जास्त दिले तर परत नेऊन देते. रमजानमध्ये कुणी बघत नसताना पाण्याचा थेंब चुकून गिळला तर त्या दिवसाचा रोजा पुन्हा धरते. आणि ती माझ्यासाठी इथे, या खुर्चीत, तिसऱ्यांदा खोटं बोलतेय. शेजाऱ्यांना सांगते, त्यांचं डोकं दुखतंय. रकानला सांगायची, बाबा दमलेत. भावाला सांगते, साखर कमी होते त्यांची. किती वर्षं? आजवर आपल्या रागाची लाज त्याला वाटायची, पण तिच्या या सरावाची लाज त्याहून वाईट होती.

"नाही, शेख," तो म्हणाला. "मी शुद्धीवर होतो."

गुसूनने झटकन वर बघितलं.

"मधे फोन आला होता," मुफ्लेह म्हणाला. "मी शिव्या देत होतो. फोन आला. माझ्याकडे शिकतात त्या डॉक्टरबाईंचा. मी त्यांच्याशी नीट बोललो. हसलो. शनिवारची वेळ ठरवली. फोन ठेवला, आणि मग हिला ते बोललो."

शेखने चष्मा काढला. "रागाने शुद्ध गेली म्हणणारी माणसं माझ्याकडे रोज येतात," ते म्हणाले. "मधे सुट्टी घेऊन परत रागावणारा तूच पहिला आलास. म्हणजे सांगणारा पहिला. बाकीचे नसतील असं नाही."

मुफ्लेहला वाटलं, आता गेलं सगळं. हात मांड्यांखाली दाबून तो बसला.

"आता हे सांग," शेख म्हणाले, "आणि इथेही तितकंच खरं बोल. तुझ्या मनात काय होतं? हिला सोडायचं होतं, की हिला अडवायचं होतं?"

"अडवायचं होतं." मग तो म्हणाला, "आणि घाबरवायचं होतं. तेवढंच माहीत आहे मला, शेख. हिला काय सांगितलं की ही घाबरते ते."

शेख बराच वेळ लिहीत होते. मग म्हणाले, "सोडायचा हेतू नव्हता, तेव्हा हा तलाक नाही. शपथ आहे. ही भावाकडे गेली तर तुझी शपथ मोडेल. त्याचं प्रायश्चित्त म्हणून दहा गरिबांना जेवू घाल. बायको तुझीच आहे. आणि ऐक, हा शब्द तू पुन्हा तोंडात आणू नकोस. हा शब्द तिला घाबरवायला दिलेला नाही तुला."

"बायको तुझीच आहे" हे ऐकून मुफ्लेहच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याने गुसूनकडे बघितलं. ती बघत नव्हती.

"शेख, एक विचारू?" ती म्हणाली. "यांनी बोलून आमचं मोडलं नाही, ते कळलं. माझं म्हणणं या कागदावर कुठे लिहायचं असतं का?"

शेख गोंधळले. "बहिणी, तुझं काय म्हणणं आहे?"

"मी भावाकडे जाते. दानियाचं पार पडेपर्यंत. पुढचं ठरलेलं नाही. हे लिहायची जागा नसेल तर राहू दे. यांनी ऐकलं म्हणजे पुरे."

शेख म्हणाले, "जा. माझी हरकत असायचं काही कारण नाही."

गाडीत बसल्यावर मुफ्लेह म्हणाला, "मी खरं बोललो, गुसून." त्यात थोडी बक्षिसाची अपेक्षा होती, हे त्यालाही ऐकू आलं आणि वाईट वाटलं.

"बोललात. चांगलं केलंत."

"चाळीस दिवस मी... तुला दिसलं नाही का? चाळीस दिवस!"

गुसूनने पिशवी मांडीवर घट्ट धरली. "दिसलं. ते चाळीस दिवस मला झोप नव्हती हो. तुम्ही रागात असता तेव्हा मला ठाऊक असतं, आज राग आहे. तुम्ही गात आलात की मी आणि शुरूक एकमेकींकडे बघतो. आज नाही, मग उद्या? मग परवा? तुम्ही ठिपके काढत होता, आणि आम्ही वाट बघत होतो. तिसाव्या दिवशी शुरूक म्हणाली, अम्मा, आता होऊन जाऊ दे एकदाचं. लेकरू ते, असं म्हणाली. म्हणून सांगितलं मी तुम्हाला, हिकमत काय बोलला ते. मुद्दाम सांगितलं. माझ्याच्याने आणखी वाट बघवत नव्हती."

मुफ्लेह ऐकत होता. त्या मोठ्या चाळिसाव्या ठिपक्याची त्याला इतकी लाज वाटली की मान वर होईना. मागून कुणीतरी भोंगा वाजवला. त्याने गाडी बाजूला घेतली.

हिकमतच्या घराखाली, पायऱ्यांपाशी त्याने गाडी थांबवली. "परत कधी येशील?"

"माहीत नाही," गुसून म्हणाली. "सव्वीस वर्षं सकाळी उठून मी आधी तुमचं तोंड बघते, आज कसे आहात ते कळायला. आता थोडे दिवस तुम्ही विचारा, मी कशी आहे."

"रोज फोन करतो."

"फोन नको. फोनवर तुम्ही फार गोड बोलता. इथे येऊन विचारा. आणि त्या दहा जणांचा स्वयंपाक तुम्हीच करा, शुरूकला लावू नका." ती उतरली आणि पायऱ्या चढून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चालत गेला. दार हिकमतनेच उघडलं. दोघं मेहुणे एकमेकांकडे बघत राहिले. हिकमत रीत म्हणून बोलला, "ये आत, कॉफी घे." मुफ्लेह म्हणाला, "नको. गुसूनला बोलाव. एक विचारायचंय तिला." आत अंगणात आठ-दहा बायका खजुराच्या बिस्किटांचं पीठ मळत बसल्या होत्या. बोलणं थांबलं. त्यातल्या दोघी त्याच्याकडेच गाडी शिकल्या होत्या. त्याने मान खाली घातली.

गुसून पिठाच्या हातांनी दारात आली.

"कशी आहेस?" तो म्हणाला. हे एवढंसं वाक्य त्याने घराबाहेर दिवसातून पन्नास वेळा म्हटलं असेल. इथे ते नीट निघेना.

तिने जरा विचार केला. "आज बरी नाहीये," ती म्हणाली. "काल संध्याकाळी बरी होते. आज उठल्यापासून रडू येतंय. कारण काही नाही."

आता काय झालं तुला, मी खरं बोललो ना, सगळ्यांसमोर आलो ना, हे सगळं त्याच्या घशापर्यंत आलं. नेहमीच्या वाटेने आलं. त्याने ते तिथेच थांबवलं आणि उभा राहिला. न्हाणीघर नव्हतं, नळ नव्हता.

"बरं," तो म्हणाला. "उद्या येतो."

"या."

तो वळला आणि पायऱ्या उतरायला लागला. मागे दार उघडंच होतं. आत कुणीतरी विचारलं, "काय म्हणत होता गं?"

"काही नाही. कशी आहेस विचारत होते."

इतक्या बायका होत्या, एक तरी हसायला हवी होती. नवरा दारात येऊन बायकोला कशी आहेस विचारून जातो, याची थट्टा करायची नाही तर कशाची! पण कुणीच हसलं नाही. कुणी काही विचारलंही नाही. त्या गप्प बसण्यावरून मुफ्लेहला कळलं, या सगळ्यांना ठाऊक आहे. आज नाही, पहिल्यापासून ठाऊक आहे. गाडीतल्या त्याच्या संयमाची स्तुती करायच्या तेव्हाही ठाऊक होतं, आणि तरी त्या गुसूनला नशिबाची म्हणायच्या, तिला बरं वाटावं म्हणून. त्याने कठड्याला हात लावला आणि जपून एकेक पायरी उतरत खाली आला.